आपलंच घोडं न दामटता प्रार्थना कशी करावी

माझ्या प्रार्थनेच्या जुन्या वहीत एक पान आहे. वर तारीख ५. खाली मोठ्या भक्तिभावाने लिहिलंय, ‘प्रभू, या नव्या नोकरीबद्दल तुझी इच्छा काय आहे ते मला दाखव.’ पुढचे पंधरा दिवस रोज तीच विनंती, शब्द तेवढे वेगळे. मध्ये एक दिवस उपासही केला होता. गंमत अशी की नोकरीला होकार मी ३ तारखेलाच कळवून बसले होते.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. देवाकडे मी शिक्का मारून घ्यायला गेले होते. तेव्हा मात्र मनापासून वाटत होतं की आपण त्याची इच्छा शोधतोय. दोन वर्षांनी वही चाळताना त्या दोन तारखा शेजारी-शेजारी दिसल्या आणि चेहरा गरम झाला.

नव्याने प्रार्थना करू लागलेल्यांना आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द वर्षानुवर्षं तोंडपाठ म्हणणाऱ्यांनाही उपयोगी पडेल म्हणून माझी पद्धत लिहून काढते आहे. ती चुकत-माकत बसलेली आहे. तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वेगळी रीत असेल तर ती धरा. पण पहिली आणि तिसरी पायरी गाळू नका.

सोबत काय हवं

- बायबल. छापील असेल तर बरं, कारण मोबाईलवर वाचता वाचता आपण कधी दुसरीकडे पोचतो ते कळत नाही.
- एक वही. प्रत्येक पानावर तारीख घालायचीच. का, ते वर सांगितलंच.
- रोजची वीस मिनिटं आणि बंद करता येईल असं दार. मत्तय ६:६ मध्ये (म्हणजे बायबलमधलं मत्तयाचं पुस्तक, अध्याय ६, वचन ६) येशूने दार लावून घ्यायलाच सांगितलंय.
- एक असा माणूस, ज्याला तुमच्या निर्णयातून ना फायदा ना तोटा.
- मुदत. मोठ्या निर्णयाला निदान तीन-चार आठवडे. समोरचा ‘आजच सांगा’ म्हणत असेल तर आधी मुदत वाढवून मागा.

खास प्रार्थनेची भाषा लागत नाही. नमनाला घडाभर तेल घालत बसू नका. घरात ज्या भाषेत भांडता, त्याच भाषेत बोला.

१. आधी आपली इच्छा कागदावर उतरवा

इथेच बहुतेक जण घसरतात. ‘देवाची इच्छा शोधायची म्हणजे आपली इच्छा बाजूला ठेवायची’ असं आपल्याला शिकवलेलं असतं. म्हणून आपण सुरुवातीलाच साळसूदपणे म्हणतो, ‘प्रभू, माझी काही इच्छा नाही, तू म्हणशील तसं.’ हे सहसा खोटं असतं. इच्छा असते, पण ती आपण पाठीमागे लपवलेली असते, आणि तिथूनच ती सगळी सूत्रं हलवते.

तेव्हा सरळ लिहा: ‘मला हे हवंय. हे नको आहे. या गोष्टीची भीती वाटते.’ स्तोत्र ६२:८ मध्ये देवापुढे मन मोकळं करायला सांगितलंय. मन आवरून, घडी घालून आणा असं म्हटलेलं नाही. स्तोत्र १३ ची सुरुवात तर ‘किती काळ?’ या तक्रारीने होते आणि हा प्रश्न तिथे पाठोपाठ चार वेळा येतो.

लिहून झालं की खाली एक ओळ सोडून लिहा: ‘हे मला कशासाठी हवंय?’ याकोबाच्या पत्रात (४:३) एक झोंबणारं वाक्य आहे. तुम्ही मागता पण मिळत नाही, कारण मागण्यामागचा हेतूच चुकीचा असतो, स्वतःच्या चैनीसाठी मागता. हेतू शोधायला मी पाच मिनिटं देते. पहिलं उत्तर सहसा शोभिवंत असतं. तिसरं-चौथं खरं निघतं. त्या नोकरीच्या वेळी माझं पहिलं उत्तर ‘सेवेची संधी’ असं होतं. चौथं असं, की माझ्याबरोबरच्या एकीला माझ्याआधी बढती मिळाली होती.

हेतू मिसळलेला निघाला म्हणून प्रार्थना थांबवायची नाही. तोही सांगून टाकायचा.

२. जे आधीच सांगून ठेवलंय ते वेगळं काढा

देवाची इच्छा म्हटलं की आपल्याला फक्त लग्न, नोकरी, घर असे फाटे आठवतात. पण शास्त्रात जिथे ‘देवाची इच्छा ही आहे’ असं थेट म्हटलंय, तिथले विषय निराळेच आहेत. पवित्र राहा (१ थेस्सलनीका ४:३). सर्व स्थितीत उपकारस्तुती करा (तेच पत्र, ५:१८). मीखा ६:८ मध्ये तर यादीच आहे: नीतीने वागणं, दयेची आवड धरणं, देवाबरोबर नम्रतेने चालणं.

मग वहीत दोन रकाने करा. पहिल्यात ज्याचं उत्तर आधीच आहे ते. भावाशी अबोला सोडू का? खोटा अनुभव दाखवून अर्ज करू का? यांवर ‘प्रभूची इच्छा शोधतेय’ म्हणत महिना काढणं ही चक्क टाळाटाळ आहे. दुसऱ्या रकान्यात जे खरंच मोकळं आहे ते. माझ्या अनुभवात निम्म्या गोष्टी पहिल्या रकान्यात जातात, आणि तिथलं एखादं काम उरकलं की दुसरा रकाना आपोआप थोडा स्पष्ट दिसायला लागतो.

बलामाची गोष्ट (गणना २२) या ठिकाणी वाचण्यासारखी आहे. इस्राएल लोकांना शाप द्यायला ये, म्हणून बालाक राजाने त्याला बोलावणं धाडलं होतं. देवाने त्याला पहिल्यांदाच स्वच्छ ‘जाऊ नको’ म्हटलं. बालाक राजाने आणखी मोठे सरदार आणि आणखी मोठ्या मानाचं आमिष पाठवलं, तर हा गृहस्थ म्हणतो, आज रात्री इथे राहा, परमेश्वर मला आणखी काय सांगतो ते पाहू. बक्षीस वाढलं म्हणून प्रश्न पुन्हा उघडला! गाढवीचा प्रसंग सगळ्यांना आठवतो, हा मुक्काम कुणाला आठवत नाही.

३. ‘तथापि’पर्यंत पोचा

या पायरीला वेळ द्या. बाकी सगळं तिच्याभोवती आहे.

क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना मत्तय २६:३९ मध्ये आहे (प्याला म्हणजे समोर आलेलं दुःख): ‘हे माझ्या बापा, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो, तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ आपण दुसरा अर्धा भाग उचलतो. पहिला अर्धा भाग सोडून देतो. त्याने आधी मागितलं. काय हवंय ते स्पष्ट शब्दांत, जमिनीवर पालथं पडून मागितलं. मार्काने (१४:३६) तिथे ‘अब्बा’ हा शब्द जपून ठेवलाय, लेकराने बापाला मारायची हाक. लूक सांगतो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. ‘तुझी इच्छा’ ही त्या रात्री शांतपणे मान डोलावून म्हटलेली ओळ नव्हती.

आता पुढे ४२वं वचन वाचा. दुसऱ्यांदा प्रार्थना करताना शब्द बदललेत. पहिल्यांदा ‘होईल तर टळून जावो’. दुसऱ्यांदा, मी प्यायल्याशिवाय हा टळून जात नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मागणं तेच, पण वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर आलंय. तिसऱ्यांदा पुन्हा तेच शब्द. मधल्या वेळात तो उठून शिष्यांकडे गेला, ते झोपलेले, ‘एक तासभरही जागवलं नाही का?’ असं विचारून परत आला. म्हणजे प्रत्यक्ष येशूलाही हे एका दमात उरकावंसं वाटलं नाही. मग आपलं दोन मिनिटांत कसं होईल?

आणखी एक. दुसऱ्या वेळचे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे मूळ ग्रीक शब्द अगदी तेच आहेत जे त्याने शिष्यांना प्रभूच्या प्रार्थनेत शिकवले होते (मत्तय ६:१०). शिकवलेली ओळ त्याने स्वतः तिथे म्हटली. म्हणून प्रभूची प्रार्थना घाईने उरकायची माझी सवय मी मोडली. त्या एका ओळीपाशी थांबते आणि त्या दिवशीचा प्याला कोणता ते नाव घेऊन सांगते.

करायचं असं. पहिल्या पायरीत लिहिलेली इच्छा मोठ्याने वाचा. मग ‘तथापि’ म्हणा आणि थांबा. पुढची ओळ जीभ म्हणेल, पण मन म्हणत नसेल तर तसं सांगा: ‘प्रभू, मला अजून हे म्हणता येत नाही.’ तीही प्रार्थनाच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला एकदा या शब्दापाशी अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशीही काही दिव्य घडलं नाही. फक्त ‘नाही’ आलं तरी चालेल, असं पहिल्यांदा वाटलं.

४. तराजू पाहा

संत इग्नेशियस लोयोला हा मूळचा लढवय्या. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय जायबंदी झाला आणि तो महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवी. एक, शौर्य गाजवून एका उच्चकुलीन स्त्रीचं मन जिंकण्याची. दुसरी, संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोडच वाटत. फरक नंतर कळे. पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर आनंद रेंगाळायचा. या एका निरीक्षणातून त्याने पुढे निवड करण्याची सगळी साधना बांधली. त्याच्या साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली.

त्यातल्या चार गोष्टी नवशिक्यालाही जमतात. तराजूचा काटा मध्ये यावा तसं मन आधी मध्ये आणा, निवड त्यानंतर. दुसरी, अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आला, तर त्याला काय सांगाल? तेच स्वतःला सांगा. तिसरी, मरणाच्या घटकेला मागे वळून पाहताना कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल? आणि चौथी, जी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: मन खचलेलं, कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

कॅथलिक नसाल तरी हे वापरायला हरकत नसावी. माझ्या पाळकबाई (मंडळीच्या धर्मगुरू) प्रॉटेस्टंट आहेत आणि मला हे त्यांनीच दाखवलं.

५. थोडं गप्प बसा

वीसपैकी पाच मिनिटं. देवाची हाक ऐकून लहानग्या शमुवेलाने म्हटलेलं ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ आपण उलटं करतो, ‘ऐक, तुझा दास बोलत आहे.’ आवाज वगैरे ऐकू येईल म्हणून कान टवकारू नका. न दिलेला फोन आठवेल, विसरलेलं काम आठवेल. वहीच्या कडेला टिपा आणि परत या. शब्दच सुचत नसतील तर रोमकरांस पत्र ८:२६ वाचा. काय मागावं हे आपल्याला कळत नाही हे तिथे गृहीतच धरलंय, आणि पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो असंही.

६. एकाला विचारा, दहा जणांना नको

दहा जणांना विचारणारा माणूस मनासारखं उत्तर मिळेपर्यंत विचारत असतो. ज्याचा तुमच्या निर्णयात काही हिशेब नाही असा, प्रार्थना करणारा, तोंडावर ‘नाही’ म्हणू शकणारा एक जण पुरे. त्याला निर्णय सांगायला जाऊ नका, पहिल्या पायरीचं पान वाचायला द्या.

त्याचं उत्तरही अंतिम मानू नका. दावीद राजाला मंदिर बांधायचं होतं, हेतू उत्तम होता. नाथान संदेष्टा म्हणाला, तुझ्या मनात आहे ते कर. त्याच रात्री देवाने नाथानाला परत पाठवलं (२ शमुवेल ७). संदेष्ट्यालाही दुसऱ्या दिवशी शब्द मागे घ्यावा लागला, तर आपल्या सल्लागाराला तेवढी सूट असू द्या.

७. निर्णय घ्या आणि चालू लागा

शंभर टक्के खात्री होईपर्यंत तळ्यात-मळ्यात करत बसणंही बरं नाही. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये प्रेषित पौल आणि सोबती येशूचं वचन सांगत चालतच आहेत. आशियात (तेव्हाचा एक रोमन प्रांत) वचन सांगायला आत्म्याने मना केलं, बिथुनियाकडे निघाले तर तेही दार बंद. मग त्रोवसला रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा एक माणूस बोलावतोय. आणि त्यांनी ‘अनुमान केलं’ की देवाने तिकडे बोलावलंय. पौलासारख्यालाही दोनदा अडावं लागलं आणि शेवटी विचार करून ताळा जमवावा लागला.

निर्णयाची तारीख वहीत घाला. प्रार्थनेच्या तारखेनंतरचीच असेल ना, तेवढं पाहा.

नेहमीचे खड्डे

*डोळे मिटून बायबल उघडणं.* बोट पडेल ते वचन म्हणजे उत्तर, असं होत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या हे खरं (प्रेषितांची कृत्ये १:२६), पण पेन्टेकॉस्टनंतर (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसानंतर) त्या पुस्तकात मंडळी पुन्हा चिठ्ठ्या टाकताना दिसत नाही.

*कौल लावणं.* ‘उद्या अमक्याचा फोन आला तर हो समजेन.’ गिदोनाच्या लोकरीचा दाखला लगेच दिला जातो: रात्री बाहेर ठेवलेली लोकर दवाने ओली होते की कोरडी राहते, ही त्याने देवाकडे मागितलेली खूण. शास्ते ६ नीट वाचा: काय करायचं ते त्याला लोकरीच्या आधीच सांगितलेलं होतं. भीतीपोटी त्याने खूण मागितली आणि दुसऱ्यांदा मागताना ‘माझ्यावर रागावू नकोस’ असंही म्हणाला. देवाने सांभाळून घेतलं, म्हणून ती पद्धत ठरत नाही.

*आधीच वाटेला लागून विचारणं.* हा माझा खड्डा. यिर्मया ४२ मध्ये कारेहाचा पुत्र योहानान आणि बाबेलच्या स्वारीनंतर देशात उरलेले लोक यिर्मया संदेष्ट्याकडे येतात: आमच्यासाठी विचार, बरं असो वा वाईट, आम्ही ऐकू. यिर्मयाला दहा दिवसांनी उत्तर मिळतं, देशातच राहा, मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका. ते म्हणतात, तू खोटं बोलतोस. मागच्या अध्यायाचा शेवट पाहिला तर कळतं: विचारायला येण्याआधीच त्यांनी बेथलेहेमजवळ तळ दिला होता, मिसरच्या वाटेवर.

*‘देवाने मला सांगितलंय’ हे दुसऱ्यावर वापरणं.* लग्न, पैसे, मालमत्ता यांबाबत कुणी हे वाक्य तुमच्यावर टाकलं, तर शांतपणे सांगा, मलाही त्याच्याशी बोलू द्या. आणि स्वतःही हे वाक्य जपून काढा.

*‘त्याचीच इच्छा’ म्हणून सोसत राहणं.* घरात मारहाण होत असेल, कुणी पिळवणूक करत असेल, तर मदत मागणं आणि तिथून बाहेर पडणं हे देवाच्या इच्छेविरुद्ध नाही. आजारात औषधं बंद करून प्रार्थना हाही त्यातलाच प्रकार. तसं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

८. उत्तर ‘नाही’ आलं तर

याबद्दल फारसं कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली (२ करिंथ १२). काटा गेला नाही. मिळालं ते एक वाक्य: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ तो काटा नक्की काय होता हे पौलाने लिहिलेलं नाही, आणि त्यामुळे प्रत्येकाला आपला काटा तिथे ठेवता येतो.

दावीदाचं लेकरू आजारी पडलं तेव्हा त्याने उपास केला, रात्ररात्र जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी लेकरू गेलं. चाकर सांगायला घाबरत होते. त्याने त्यांची कुजबुज पाहिली, स्वतःच विचारलं, मग उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरी जाऊन नमन केलं आणि जेवायला मागितलं (२ शमुवेल १२). हे एका दिवसात आपल्याला जमेलच असं नाही. मला जमलं नाही.

आईच्या आजारपणात मी सात महिने रोज एकच मागणं लिहीत होते. ती गेल्यावर दोन महिने वही उघडलीच नाही. उघडली तेव्हा स्तोत्र १३ मधला तो ‘किती काळ?’ तेवढा लिहिला आणि मिटली. तेव्हा पाळकबाई म्हणाल्या, तारीख घातलीस ना? घातली होती.

तुम्हीही तसंच करा. ‘नाही’ आलेलं पान फाडू नका, त्याखाली घाईघाईने ‘यातही चांगलंच आहे’ असं लिहू नका. अर्धं पान कोरं सोडा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीपासून सुरू करा: आज मला काय हवंय.